काकडी आणि कमळ

काकडी म्हटलं की माणसाला कोशिंबीर आठवते, याला मी काय करू? एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. फळ्यावर 'समुद्रकाकडी' असा शब्द लिहिला की दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "बाई, मीठ लावून खातात का?" आणि वर्ग खिदळायचा. पहिली दोन वर्षं मीही हसले. मग मला त्या शब्दाचाच राग यायला लागला. ज्याने तो मराठीत आणला त्याने तो प्राणी जन्मात एकदा तरी पाहिला होता का, देव जाणे. इंग्रजीत काकडी, मग मराठीतही काकडी, झालं काम.

प्राणी आहे तो. तारामाशाचा नातेवाईक. समुद्राच्या तळाशी चिखलात पडून असतो, वाळू गिळतो, तिच्यातलं कुजकंनासकं पचवतो आणि स्वच्छ वाळू मागच्या बाजूने सोडून देतो. श्वाससुद्धा मागच्याच बाजूने घेतो, पण हे मी वर्गात कधी सांगितलं नाही, अख्खा तास हातचा गेला असता. फार छळलं तर स्वतःची आतडी बाहेर फेकतो आणि पुढे सावकाश नवी वाढवतो. शाळेत नोकरी करताना ही सोय आपल्यालाही असायला हवी होती, असं मला पुष्कळदा वाटलंय.

आमच्या शाळेत तो होता. खराखुरा, काचेच्या बरणीत. परळ आणि लालबागच्या मधली आमची मराठी शाळा. गिरण्या चालू होत्या तेव्हा एकेका इयत्तेच्या सहा-सहा तुकड्या होत्या, आता एक भरली तरी पेढे वाटावेत अशी स्थिती. दुसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळा, आणि तिथल्या काचेच्या कपाटात तीसेक बरण्या: बेडूक, सरडा, तारामासा, दोन साप आणि ही काकडी. मुलांना सापच बघायचा असायचा. काकडीकडे बघून नाक मुरडायची.

ती आणली होती अंकलनी. अंकल म्हणजे आमचे प्रयोगशाळा सहायक. गिरगावातले ख्रिश्चन, कित्येक पिढ्यांचे मुंबईकर, घरात आमच्यापेक्षा जुनी मराठी बोलणारे. मुलं अंकल म्हणायची म्हणून शिक्षक म्हणायला लागले आणि म्हणून मीही, माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठे असले तरी. आम्ही दोघं एकाच जूनमध्ये नोकरीला लागलो. त्याच वर्षी एका रविवारी ते घरच्यासाठी मासळी आणायला भाऊच्या धक्क्यावर गेले होते, तिथे फेकायच्या कचऱ्यात त्यांना ही दिसली. डब्यात घालून सोमवारी शाळेत आणली. तेव्हा तिच्यासाठी कायदा नव्हता आणि कुणाला काळजीही नव्हती. "बाई, हिला मराठीत काय म्हणायचं?" त्यांनी मला विचारलं. मी पुस्तकात बघून सांगितलं, त्यांनी ठसठशीत अक्षरात लेबल लिहिलं, चिकटवलं. म्हणजे त्या नावाच्या पापात माझाही वाटा आहेच.

अंकल माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाले. पण दर शनिवारी गिरगावातून बसने येत राहिले. बरण्यांमधलं फॉर्मेलीन उडून कमी होतं, ते वर भरायचे, झाकणांना मेण लावायचे, काचा पुसायचे. कुणी सांगितलं नव्हतं. वॉचमनला वाटायचं हे अजून नोकरीतच आहेत.

गेल्या वर्षी जुलैत त्यांचा फोन आला. "बाई, कपाट काढतायत." एवढंच बोलले आणि फोन ठेवला. अंकल फोनवर इतकं थोडं बोलतात तेव्हा प्रकरण गंभीर असतं. मी प्रभादेवीहून टॅक्सी करून गेले.

प्रयोगशाळेचं स्मार्ट काहीतरी करायचं ठरलं होतं. भिंतभर पडदा, त्यावर सगळं दिसणार. मुख्याध्यापिका माझ्या हाताखाली दहा वर्षं शिकवलेली, मला मान देते, चहा मागवला. म्हणाली, "बाई, पडद्यावर मुलांना बेडकाचं हृदय धडधडताना दिसेल. ह्या बरण्यांचा वास तेवढा येतो." मी म्हटलं, वास येतो म्हणजे काहीतरी खरं आहे. तिने मान हलवली, पटल्यासारखी नाही, ऐकून घेतल्यासारखी. अखेर तडजोड निघाली. ऑगस्टमध्ये विज्ञान प्रदर्शन असतं, शाळा समितीची माणसं येतात. बरण्यांचं काहीतरी बघण्यासारखं मांडा. समितीला उपयोग पटला तर एक कपाट ग्रंथालयाबाहेरच्या बोळात राहील. नाही पटला तर सगळं केमिकल कचऱ्याच्या गाडीत.

अंकल दारात उभे होते. म्हणाले, "एक कपाट पुरे." खाली उतरताना जिन्यात पुन्हा म्हणाले, "एक पुरे, बाई." त्यांना मूलबाळ नाही. मी हे उगाच सांगत नाहीये.

फूल आणायची कल्पनाही त्यांचीच. "काकडी एकटी ठेवली तर कोण बघणार? तिच्या बाजूला कायतरी देखणं ठेवा. लोक देखण्यासाठी थांबतील, मग हिच्याकडे पण नजर जाईल." मला ते पटलं. शिवाय मला नेमकं फूल आठवलं: ब्रह्मकमळ. हिमालयात पार वर, जिथे झाडं संपतात त्याच्याही वर, दगडांत उगवणारं. नावात कमळ, पण कुळ सूर्यफुलाचं. खरी फुलं आत जांभळी, इवलीशी, आणि थंडी लागू नये म्हणून भोवती फिकट, पातळ, कागदासारखी पानं गुंडाळून बसलेली. माझ्या भाचीने ट्रेकिंगला गेली असताना फोटो पाठवला होता.

बरणीमागे लावायच्या फलकासाठी दोघांची जोडी जमवायला बसले तेव्हा माझी मलाच मजा वाटायला लागली. एक डोंगराच्या माथ्यावर, एक समुद्राच्या तळाशी. दोघांची नावं खोटी. ही काकडी नाही, ते कमळ नाही. पण एकीच्या वाट्याला भाजीवाल्याच्या टोपलीतलं नाव आलं आणि दुसऱ्याच्या वाट्याला थेट ब्रह्मदेव. फुलाला लोक हात जोडतात आणि देवाला वाहायला खुडून खुडून संपवतात. काकडीला कुणी हात जोडत नाही, तिला पकडून, सुकवून, चोरून परदेशी पाठवतात, तिथे तिचं सूप होतं. प्रेम करा नाहीतर करू नका, जाणार दोघंही. फलकाच्या शेवटी मी लिहिलं: 'समुद्रकाकडीला आपल्या कायद्यात वाघाइतकंच संरक्षण आहे.' मला वाटलं, वाघ म्हटल्यावर तरी लोक दचकतील.

फलक छापायला लालबागच्या एका डीटीपीवाल्याकडे दिला. पन्नाशीचा माणूस, लग्नपत्रिका करून करून हात बसलेला. दोन दिवसांनी प्रूफ बघायला गेले आणि कपाळावर हात मारून घेतला. डाव्या बाजूला समुद्राच्या लाटा, आणि लाटांवर तरंगणारी हिरवीगार काकडी. तिचे तीन काप सुद्धा केलेले. वर पाण्याचे थेंब.

"थेंब फ्रेश वाटावी म्हणून टाकलेत," तो म्हणाला.

उजव्या बाजूला तर त्याहून कहर. ब्रह्मकमळ म्हणून त्याने ते पांढरं टपोरं फूल लावलं होतं, आपल्याकडे दादर-परळमध्ये दर दुसऱ्या गॅलरीत कुंडीत असतं ते. पावसाळ्यात रात्री उमलतं, आणि सकाळी उठावं तर सगळ्या ग्रुपवर त्याचेच फोटो, खाली हात जोडलेले. तो निवडुंग आहे. मेक्सिकोकडचा. हिमालयाशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी हे त्या माणसाला समजावून सांगितलं. त्याने शांतपणे मोबाइल काढला, स्वतःच्या बायकोचा त्या फुलासोबतचा फोटो दाखवला आणि म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी आहे ना. ब्रह्मकमळच आहे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला अर्धा तास बोलले. भाचीचा फोटो दिला, बरणीचा फोटो दिला, समोर बसून दोन्ही बदलून घेतले. निघताना तो पुटपुटला, "हे तर कोबीसारखं दिसतंय." खरं सांगायचं तर दिसतं थोडंसं.

प्रदर्शनाच्या दिवशी, शनिवारी सकाळी, अंकल इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. चर्चमध्ये जाताना घालतात तो. बरणी त्यांनी तीनदा पुसली, लेबल पुढे येईल अशी फिरवली, मागे फलक नीट केला. मग हात मागे बांधून शेजारी उभे राहिले. डिलाईल रोडच्या दोन मुली आल्या, त्यांनी विचारलं, "अंकल, ही जिवंत आहे?" अंकलनी त्यांना पाच मिनिटं सगळं सांगितलं, आतड्यांसकट. मुली खुश. माझा जीव जरा भांड्यात पडला.

साडेदहाला समितीची माणसं आली. त्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. आता दातांची डॉक्टर, दादरला दवाखाना, माजी विद्यार्थी म्हणून समितीवर घेतलेली. कपाटाबद्दल तिचंच म्हणणं चालणार होतं, बाकीचे दोघं नुसते सह्या करणारे. हुशार मुलगी, मला मनापासून आवडायची. ती हसत आत आली आणि तिच्यामागून ड्रायव्हर एक भलीमोठी कुंडी घेऊन आला.

"बाई, तुमच्या टेबलासाठी," ती म्हणाली. "ब्रह्मकमळावर फलक आहे असं कळलं. रात्रीच उमललं, बघा ना योग."

कुंडी टेबलावर आली. फूल आता मलूल होऊन मान टाकून लोंबत होतं, पण लोकांना तेवढं पुरलं. सगळा हॉल लोटला. कुणीतरी पर्समधून हळदीकुंकवाची डबी काढली. दोन पालकांनी चपला काढल्या. शाळेच्या हॉलमध्ये, विज्ञान प्रदर्शनात, चपला. जागा करायला एका बाईंनी बरणी दोन बोटांनी मागे सरकवली, नाकाला पदर लावून. अंकलनी ती उचलून छातीशी धरली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

तिथे माझं डोकं फिरलं. मी मोठ्याने म्हणाले, वर्गातल्या आवाजात, "हे ब्रह्मकमळ नाही. निवडुंग आहे. फलक वाचायला शिका जरा. शिकलेली माणसं तुम्ही, गॅलरीतल्या निवडुंगाला कुंकू लावताय आणि खरं जे आहे त्याच्याकडे नाक दाबून बघताय. लाज वाटायला हवी."

मी आणखीही बोलले असेन, मला सगळं आठवत नाही. ती मुलगी तेवढी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. वर्गात गणित चुकलं की बघायची तशी.

"पण बाई," ती हळू आवाजात म्हणाली, "हे तुमचंच आहे."

मला कळेना.

"आठवी ब मध्ये तुम्ही कुंडी आणली होतीत, तुमच्या घरची. हे हिमालयातलं ब्रह्मकमळ, नीट बघा, असं सांगितलंत. पानापासून झाड कसं होतं ते दाखवायला प्रत्येकाला एकेक पान दिलंत. बाकीच्यांची कुजली. माझ्या आईने डालड्याच्या डब्यात लावलं, चाळीच्या गॅलरीत. ते हे झाड. आई गेल्यापासून मी सांभाळते."

तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. कारण आठवलं मला. सगळं आठवलं. निळी कुंडी, बसमध्ये घेईनात म्हणून टॅक्सीत मांडीवर घेऊन आणलेली. सासूबाई ब्रह्मकमळ म्हणायच्या, शेजारी म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे, आणि वर्गात हिमालय मी माझ्या पदरचा जोडला होता. खरं मला कळलं ते पुष्कळ वर्षांनी, भाचीचा फोटो आल्यावर. आणि एकदा कळल्यावर मी असं वागायला लागले की जणू जन्मतःच मला ठाऊक होतं. मी त्या डीटीपीवाल्याला अर्धा तास झापलं होतं. त्याच्या बायकोने तरी कुणा बाईंकडून शिकलं असेल, कोण जाणे.

मी "चुकलंच माझं" असं काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, "असू दे बाई." मग पाठ फिरवून फलकासमोर उभी राहिली आणि वाचायला लागली. पहिल्या ओळीपासून. मीच सांगायचे वर्गात, उत्तर लिहिण्याआधी प्रश्न शेवटपर्यंत वाचा. त्या दिवशी माझा फलक शेवटपर्यंत वाचणारी ती एकटीच निघाली.

वाचून झाल्यावर तिने मुख्याध्यापिकेला विचारलं, "वाघाइतकं संरक्षण म्हणजे वाघाचं कातडं जसं परवान्याशिवाय ठेवता येत नाही तसंच ना? मग आपल्याकडे हिचा काही कागद आहे का?"

तिचा हेतू वाईट नव्हता. हे मी तेव्हाही मानत होते, आताही मानते. सरळ प्रश्न होता, चांगल्या विद्यार्थिनीने विचारावा तसा. पण मुख्याध्यापिकेचा चेहरा उतरला. कागद कुठला असणार? धक्क्यावरच्या कचऱ्यातून उचललेल्या जिवाची पावती कोण देतं? अंकल म्हणाले, "मॅडम, तेव्हा कायदा नव्हता." त्यांना कुणी उत्तर दिलं नाही. मी सांगायला गेले की अर्ज करता येईल, पत्र लिहिता येईल, मी लिहून देते. पण पाच मिनिटांपूर्वी मी अख्ख्या हॉलची लाज काढली होती. माझं ऐकायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

पुढचं पंधरा दिवसांत उरकलं. मुख्याध्यापिकेने स्वतःहून कळवलं, सरकारी माणसं आली, पंचनामा झाला. काकडी त्यांनी स्वतःच्या प्लास्टिकच्या डब्यात घालून नेली, बरणी शाळेची म्हणून परत दिली. एका बरणीचा एवढा व्याप झाल्यावर बाकीच्या कोण ठेवतंय. तारामासा, बेडूक, दोन्ही साप, सगळं गाडीत गेलं. कपाट मोडून टाकलं. ती कुंडी मात्र शाळेच्या दर्शनी भागात आहे, माजी विद्यार्थिनीची भेट अशी पाटी लावून. शिपाई रोज पाणी घालतो. पाटीवर ब्रह्मकमळ असंच लिहिलंय आणि ते बदला म्हणायचं तोंड मला राहिलेलं नाही.

मी अंकलना फोन करायचं टाळत होते. काय सांगणार होते? तुमची काकडी मी वाचवायला गेले आणि माझ्याच वाक्याने घालवली? शेवटी एका शनिवारी सकाळी तेच घरी आले. शनिवार मोकळा झाला होता ना त्यांचा. पहिल्यांदाच आले प्रभादेवीला. चहा घेतला, बिस्किट घेतलं, गुडघ्याबद्दल बोलले. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाले, "सोडा हो बाई." मग पिशवीतून ती बरणी काढली. धुऊन लख्ख केलेली, लेबल तसंच, त्यांच्या अक्षरातलं.

"तुमचं ते झाड आहे अजून?"

आहे. निळी कुंडी फुटली, झाड आहे. गॅलरीत नेलं त्यांना. म्हणाले, "एक पान द्या."

मी चांगलं जाड पान निवडून कापलं आणि देताना म्हटलं, "अंकल, हे ब्रह्मकमळ नाही बरं का."

"माहीत आहे," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्या हॉलला सांगितलंत."

खाली उतरून त्यांनी बिल्डिंगच्या बागेतली माती बरणीत भरली, पान खोचलं. काचेवर ठसठशीत लिहिलेलं होतं, समुद्रकाकडी. मी म्हटलं, थांबा, लेबल तरी काढू, गरम पाण्याने निघेल, मी वरून आणते.

"राहू दे," अंकल म्हणाले. "वाचतंय कोण?" आणि बरणी पिशवीत उभी ठेवून बस स्टॉपकडे गेले.